स्टेजसमोर उभं राहायचं तिकीट: कोल्डप्लेला पैसे वसूल, पुण्यात नुसत्या पाठी बघितल्या

आधी मार्क देऊन टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच सुटतील. जानेवारी २०२५ चा कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा शो, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, स्टँडिंगचं तिकीट: पाचपैकी साडेचार. त्यानंतर पुण्यात एका लॉनवर झालेला एक शो, तिकिटावर जीए लिहिलेलं: पाचपैकी दीड, आणि तो दीडसुद्धा गाणारा चांगला होता म्हणून. दोन्ही वेळेला मी उभं राहायचंच तिकीट काढलं, दोन्हीकडे पाय सारखेच दुखले, पण एकीकडे गाणारा माणूस दिसला आणि दुसरीकडे माणसांच्या पाठी. ऑफिसमध्ये दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की अगं जीए घेऊ का फॅन पिट, म्हणजे स्टेजसमोरचा वेगळा महाग तुकडा, घेऊ, तर एकदाच लिहून ठेवते आणि हेच सगळ्यांना पाठवत जाईन.

जीए म्हणजे जनरल अ‍ॅडमिशन. पुण्याकडच्या लोकांना हे समजावायला सोपं आहे. सवाई गंधर्वला भारतीय बैठक असते ना, तिकीट सगळ्यांचं सारखं, नंबर कसला नाही, लवकर येईल तो पुढे. फक्त सवाईत तुम्ही चादर अंथरून चहाला जाऊ शकता, शेजारच्या काकू पिशवीवर लक्ष ठेवतात आणि परत आलात की कुरकुर करत का होईना पण सरकतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, तोच कायदा. कॉन्सर्टच्या जीएमध्ये रुमाल चालत नाही, तिथे तुम्ही स्वतःच रुमाल. हललात की जागा गेली. म्हणजे तिकिटाने तुम्हाला फक्त मैदानात घेतलं, पुढे कुठे उभं राहायचं ते तुम्ही किती वाजता आलात, कुठल्या गेटने आलात आणि किती वेळ बाथरूमला न जाता राहू शकता यावर ठरतं. हे शेवटचं मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

आता कोल्डप्लेचे रेट आठवा. खुर्च्या अडीच हजारापासून सुरू होत्या आणि साडेबारा हजारापर्यंत जात होत्या, लाउंज ३५,००० ला. आणि स्टँडिंग, म्हणजे मैदानावर, स्टेजच्या सगळ्यात जवळ, ६,४५०. जवळचं तिकीट लांबच्या महागड्या खुर्चीपेक्षा स्वस्त! माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. "बसायला खुर्ची पण देत नाहीत आणि साडेसहा हजार?" तर आई, उरलेले पैसे पायांनी भरायचे असतात. सकाळी जाऊन लाइनीत बसायचं, मग पाच-सहा तास उभं राहायचं, ते या तिकिटाच्या किमतीतच धरलेलं असतं, फक्त पावतीवर छापत नाहीत.

तिकीट कसं मिळालं ते सांगत बसत नाही, २२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी अर्धा भारत त्याच रांगेत होता आणि १८, १९ ला भागलं नाही म्हणून २१ जानेवारीचा तिसरा शो त्याच दिवशी जाहीर झाला. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याने हॉस्टेलवर चार मित्रांचे लॅपटॉप लावून ठेवले होते, त्याला २१ तारखेची दोन स्टँडिंग मिळाली आणि दुसरं तिकीट त्याने मैत्रिणीला न देता मावशीला दिलं. (पैसे मावशीने दिले होते हे एक कारण असू शकतं.)

मंगळवार होता, मी रजा टाकली. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा आमच्या पुढे बरीच मंडळी ऑलरेडी पेपर पसरून बसली होती. मला वाटलेलं सगळी विशीतली पोरं असतील, तर माझ्या पुढेच एक जोडपं, काका साठीचे असतील, काकूंनी डब्यात थेपले आणि छुंदा आणलेला, आणि आत काही खायचं नेता येत नाही म्हणून त्यांनी आजूबाजूच्या दहा जणांना तो तिथेच संपवायला लावला. त्या थेप्यांवर आमची जी ओळख झाली ना, ती पुढे फार कामाला आली, कारण लाइनीत एकट्या माणसाचे फार हाल होतात. पाणी आणायला, बाथरूमला, सावलीत जरा टेकायला, कुणीतरी 'हो हो, या इथेच होत्या' म्हणणारं लागतं. जानेवारी असला तरी नवी मुंबईचं दुपारचं ऊन म्हणजे ऊनच. टोपी न्या.

गेट उघडतात तो क्षण म्हणजे सगळ्या लाइनीची परीक्षा. सहा तास शहाण्यासारखी बसलेली माणसं एकदम दादरला डोंबिवली फास्ट लागल्यासारखी होतात. सिक्युरिटीवाले ओरडत असतात पळू नका, चालत जा, आणि सगळे जण चालण्याच्या नावाखाली ते ऑलिम्पिकमध्ये असतं तसलं कंबर हलवत चालणं चालत असतात. भाचा पुढे सटकला. मी त्रेचाळीस वर्षांची, उंची पाच फूट एक इंच, गुडघा थोडा कुरकुरतो, मी माझ्या चालीने. पण एक अक्कल मला कुणीतरी आधीच दिली होती की सगळे मधोमध मेन स्टेजसमोर धावतील तेव्हा तू तिकडे जाऊ नकोस, स्टेजमधून पब्लिकमध्ये जी लांब पट्टी येते ना, कॅटवॉक, तिच्या कडेला जा. मी तिथे गेले आणि मला तिसरी ओळ मिळाली. भाचा धावत जाऊन मधोमध सातव्या ओळीत, समोर दोन सहाफुटे.

ही अक्कल देणारा म्हणजे माझा शिकागोचा मामेभाऊ. या माणसाने यूटू या आयरिश बँडच्या मागे आयुष्यातली किती वर्षं आणि किती डॉलर घालवले ते वहिनीला विचारू नका. पण जीए म्हणजे काय ते त्याच्याकडून ऐकावं. तो सांगतो की २००१ च्या टूरला यूटूने हृदयाच्या आकाराचा रॅम्प, म्हणजे तसलाच कॅटवॉक, केला होता, त्या बदामाच्या आत साधारण ३०० माणसं मावायची, आणि लवकर येतील ते आत, संपलं. म्हणजे जीएच्या पोटात अजून एक जीए, तेही फुकट. मग २००५ ला त्यांनी लंबगोल रॅम्प केला आणि आत कोण जाणार ते दारावर तिकीट स्कॅन करताना मशीनच ठरवायचं, नशिबावर. दादा पहाटेपासून रांगेत आणि मशीनने त्याला बाहेर ठेवला, मागून रमतगमत बिअर पीत आलेली एक बाई मात्र आत. त्याचा तो किस्सा आम्ही प्रत्येक लग्नात ऐकलाय. २००९ ला शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमला ते प्रचंड चार पायांचं खेकड्यासारखं स्टेज, त्याभोवती गोल रॅम्प, आणि तिथे परत लवकर येईल तो आत.

आणि या लोकांच्या रांगेचं शास्त्र तर आपल्याकडच्या सत्यनारायणापेक्षा कडक. फॅनच एक यादी करतात, मार्करने हातावर नंबर लिहितात, दर काही तासांनी हजेरी, हजेरीला नसलात की नाव कट. ऑफिशियल काही नसतं बरं का, सिक्युरिटीने यादी मानली तर मानली, नाहीतर नवी लाइन लावा म्हटलं की हातावरचा नंबर धुऊन टाका. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाच्या शोला हा प्रश्न फार हुशारीने सोडवलाय असं दादाचं म्हणणं आहे, तिथे ठरलेल्या वेळेपर्यंत या आणि मनगटावर नंबराचा पट्टा बांधून घ्या, मग सगळ्यांसमोर एक नंबर काढतात आणि लाइन तिथून सुरू होते. समजा ३१२ निघाला तर ३१२ वाला सगळ्यात पुढे, ३११ वाला सगळ्यात मागे. म्हणजे पहाटे चारला येऊन उपयोगच नाही, रात्रभर फुटपाथवर झोपायचं कारणच संपलं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे कुणी करेल असं वाटत नाही कारण ३११ वाल्याचे काका पोलिसात असतात.

(यूटू १५ डिसेंबर २०१९ ला इथेच डी. वाय. पाटीलला आले होते, दादाने रात्री दोनला फोन करून सांगितलेलं की फ्लोअरवर जा, आणि मी शहाणी, खुर्ची बरी म्हणून स्टँडमध्ये जाऊन बसले. त्यांचा गायक बोनो अंगठ्याएवढा दिसला. ते दुःख आहेच.)

असो, कोल्डप्ले. तिसऱ्या ओळीत उभं राहिल्यावर समोर जे बॅरिकेड असतं ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. आपल्याला वाटतं लोखंडी जाळी रोवली असेल, तर रोवलेलं काहीच नसतं. त्याला खाली पब्लिकच्या बाजूला एक चपटी पत्र्याची पाटी असते आणि पहिल्या ओळीतली माणसं त्या पाटीवरच उभी असतात. म्हणजे मागून जितकी गर्दी रेटते तितकंच त्या गर्दीचं वजन त्याला खाली दाबून धरतं. पलीकडच्या बाजूला पायरी असते, त्यावर सिक्युरिटीची पोरं चढून आपल्याकडे तोंड करून उभी, पाठ स्टेजकडे. बिचारे सगळा शो आमची तोंडं बघत होते. एकाने एका पोरीला चक्कर येतेय बघून तिला वरून उचलून अलगद पलीकडे घेतलं, पाणी दिलं, आणि ती दोन मिनिटांनी तिकडूनच हात हलवत बाहेर गेली. तिची जागा? भरली पण.

जागा धरायचा तोल असा असतो की तुम्ही रात्रीपर्यंत पाणी प्यायचं की नाही हा हिशोब डोक्यात चालू राहतो. मी मूर्खपणा केला, चार वाजल्यापासून जवळजवळ प्यायलेच नाही, आठ वाजता डोकं ठणकायला लागलं. तुम्ही करू नका असलं. थेपलेवाल्या काकूंनी, त्या माझ्याच मागे येऊन उभ्या होत्या, सरळ ऑर्डर सोडली की तू जा, मी धरते जागा, आणि दोन्ही कोपर काढून अशा उभ्या राहिल्या की कुणाची बिशाद नव्हती. मी गेले आणि आले. परत येताना 'एक्स्क्यूज मी, माझे लोक पुढे आहेत' म्हणत येणारी बाई लोकांना किती आवडते ते मला त्या वीस मिनिटांत कळलं. एकाने तर ऐकवलंच, "ताई, सगळ्यांचेच लोक पुढे असतात."

आणि मग शो. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, मी एवढंच सांगते की आधी गायिका जसलीन रॉयल वगैरे झाल्यावर अंधार झाला, हातातले ते आत येताना दिलेले दिव्यांचे पट्टे एकदम लाल झाले आणि मी मागे वळून बघितलं तर अख्खं स्टेडियम पेटलेलं. हे दृश्य खरं तर खुर्चीवाल्यांना जास्त चांगलं दिसतं, फ्लोअरवरच्या माणसाला मान मागे करून बघावं लागतं. पण त्यांचा गायक ख्रिस मार्टिन कॅटवॉकवरून पळत गेला तेव्हा त्याच्या बुटाची लेस मला दिसली. निळी का हिरवी यावर माझा आणि काकूंचा वाद अजून व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे. या टूरमध्ये त्यांचं एक छोटं स्टेज पार मागच्या बाजूलाही होतं, म्हणजे उशिरा येऊन मागे उभा राहिलेला आळशी माणूससुद्धा दोन-तीन गाणी पहिल्या ओळीत होता. हे ज्यांनी डिझाइन केलं त्यांना माझा नमस्कार.

अर्धा मार्क कशाला कापला, तर आवाज. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, अगदी पुढे आवाज चांगला नसतो. मोठे स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि ते मागच्या लोकांसाठी, आवाज तुमच्या डोक्यावरून जातो. पुढच्यांसाठी छोटे स्पीकर स्टेजच्या कडेला ठेवतात, आणि खाली जमिनीवर बासचे, म्हणजे घुमणाऱ्या खालच्या आवाजाचे, डबे. त्यामुळे पुढे उभं राहिलं की बास पोटात आणि गाण्याचे शब्द कुठेतरी वर. खरा आवाज ऐकायचा असेल तर मैदानात मधे जो साउंडवाल्यांचा तंबू असतो त्याच्या आसपास उभे राहा, ते लोक स्वतः जे ऐकून बटणं फिरवतात तेच तुम्हाला ऐकू येतं. आणि स्टेज माणसाच्या डोक्याएवढं उंच असतं, त्यामुळे पहिल्या ओळीत माझ्या उंचीच्या बाईला कलाकाराची हनुवटी आणि ड्रमरची फक्त काठी दिसते. तिसरी ते पाचवी ओळ बरी. कानात घालायचे बोळे न्या, केमिस्टकडे स्वस्तात मिळतात, दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन ऐकू येतो.

येताना नेरुळ स्टेशनला गर्दी होती पण तेवढी चालायचीच. घरी पोचले तेव्हा पायांची अवस्था अशी की चप्पल काढायला खाली वाकले ते तिथेच बसले. साडेचार मार्क.

आता पुणं. आयोजकांचं नाव घेत नाही, गाणाऱ्याचं पण नाही कारण त्याची काही चूक नव्हती. मी कोल्डप्लेच्या धुंदीत होते, अ‍ॅपवर बघितलं की जीए ४,०००, त्याच्या वर फॅन पिट ९,००० आणि त्याच्याही वर लाउंज का काय ते, टेबलं आणि खाणं. त्यातही अर्ली बर्ड, फेज वन, फेज टू, जागा तीच पण दर आठवड्याला रेट चढतो, वर १८ टक्के जीएसटी आणि कन्व्हिनियन्स फी. मी म्हटलं जीए घेऊ, लवकर जाऊ, कॅटवॉकच्या कडेला उभे राहू. मी काय विसरले सांगा? मुंबईत फ्लोअर एकच होता. सगळे ६,४५० वाले, पुढे कोण ते फक्त वेळेने ठरलं. पुण्यात स्टेजसमोरचा तुकडा आधीच कापून वेगळा विकला होता.

लालबागला दोन रांगा असतात ना, एक नवसाची, चरणस्पर्शाची, आणि एक मुखदर्शनाची. मुखदर्शनाच्या रांगेत तुम्ही आदल्या रात्रीपासून उभे राहिलात तरी पायाला हात लागणार नाही, रांगच वेगळी. फॅन पिट असलेल्या शोचं जीए म्हणजे मुखदर्शन. हे मला आधी कळायला हवं होतं, तिकिटाच्या पानावर नकाशा होता, त्यात पिट म्हणजे स्टेजसमोर एक छोटासा अर्धगोल आणि लगेच मागे हिरव्या रंगात जीए. मला वाटलं ठीक आहे, पिटमागची पहिली ओळ मिळाली तरी पंधरा-वीस फूट.

चार वाजता पोचले. आधी बँड घ्यायची लाइन, मोबाइलवरचं तिकीट दाखवून कापडी बँड मनगटावर चढवतात, त्याला तासभर. बांधणाऱ्या पोराने तो इतका आवळला की रात्री बोट निळं पडायला आलं, घरी किचनच्या कात्रीने कापला. मग आत जायची लाइन. आत गेल्यावर बघते तर तो छोटासा अर्धगोल काही छोटासा नव्हता, अर्ध्या लॉनपर्यंत पिट, हिरवं कापड लावलेलं बॅरिकेड, त्याच्यामागे गाड्या जातील एवढी रिकामी गल्ली, आणि गल्लीच्या एका अंगाला लाउंजचा ओटा, चांगला कमरेएवढा उंच, त्यावर सोफे. सोफे! म्हणजे जीएवाले उभे, आणि त्यांच्या पुढे, त्यांच्यापेक्षा उंचावर, लोक सोफ्यावर बसून पनीर टिक्का खातायत. आणि उरलेल्या अंगाला साउंडचा तंबू. मी पिटमागच्या अगदी पहिल्या ओळीत होते हां, सगळ्यात आधी आत गेले होते, बॅरिकेडला पोट लावून उभी. आणि मला काय दिसत होतं, तर एका बाजूला तंबूचा दोर, दुसऱ्या बाजूला एका गृहस्थांचा सोफ्यावरून लटकणारा पाय, आणि मधल्या फटीतून लांबवर एक चमकणारं जॅकेट. त्यातच गाणारा होता म्हणे.

शो आम्ही स्क्रीनवर बघितला. स्क्रीनवर ओठ आधी हलायचे आणि आवाज नंतर, कारण आम्ही तेवढे लांब होतो. साडेआठला पिट अर्धाच भरलेला दिसत होता, म्हणजे पुढे मोकळं गवत आणि मागे आम्ही चेपलेलो. एका पोराने बॅरिकेडवरून टांग टाकली, त्याला दोन बाउन्सरांनी कॉलर धरून परत आणला आणि तो म्हणाला, "दादा, आत कोणीच नाहीये हो." बाउन्सर पण हसला. पण सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेल टाकला, नकाशा आणि माझा फोटो शेजारी शेजारी लावून. चार दिवसांनी उत्तर, आपण संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, नकाशा केवळ संदर्भासाठी असून मांडणीत बदल होऊ शकतो असे अटींमध्ये नमूद आहे. मी अटी उघडल्या. आहे खरंच. खालून तिसरी ओळ.

दादाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला अमेरिकेत पण हेच चाललंय, फक्त नावं वेगळी, कुठे अर्ली एन्ट्री म्हणून जास्त पैसे घेऊन तुम्हाला बाकीच्यांच्या आधी आत सोडतात, कुठे व्हीआयपी पॅकेज. रांगेत सकाळपासून बसलेल्याच्या नाकासमोरून दुपारी आलेला माणूस आत जातो. यूटूने पण स्टेजच्या बाजूचा एक भाग रेड झोन म्हणून महाग विकला, फक्त तो पैसा एड्स वगैरे आजारांसाठी काम करणाऱ्या ग्लोबल फंडला जायचा, म्हणून दादाने त्यांना माफ केलंय. मला विचाराल तर तुकडे पाडायला माझी तत्त्वाने हरकत नाही, कारण सगळंच नुसत्या 'लवकर येईल तो पुढे'वर सोडलं की काय होतं ते लोकांनी भोगलंय. १९७९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला द हू या बँडच्या शोला दारं उघडायच्या वेळी बाहेरची गर्दी रेटत गेली आणि ११ जण गेले, सगळे तरुण, आणि त्या गावाने मग बिननंबरच्या तिकिटांवर बंदीच घातली, ती २००४ पर्यंत होती. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड फेस्टिव्हलला २००० साली पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना स्टेजसमोर ९ जण गेले. त्यानंतर तिथे पुढच्या भागाचे कप्पे केले, प्रत्येक कप्प्याला वेगळी लाइन आणि मोजून माणसं, भरलं की बंद. तो पण पिटच, पण पैसे जास्त नाहीत, लाइनीत उभे राहा आणि जा. पिट असावा तर असा.

आपल्याकडे पण २०११ ला गुडगावला मेटालिकाचा शो स्टेजसमोरच्या बॅरिकेडपायी रद्द झालेला आठवत असेल, आधी म्हणाले पुढे ढकललाय, मग लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली, मग रद्द. दोनच दिवसांनी बंगलोरला तोच बँड मस्त वाजवून गेला. म्हणजे फरक असतो तो एवढाच, लोखंडाचा एक तुकडा नीट आहे की नाही. गर्दीचं शास्त्र शिकवणारे लोक सांगतात की चौरस मीटरला पाच माणसांच्या वर गेलं की सांभाळा. मोजत कोण बसणार, माझी खूण अशी की दोन्ही हात वर करून परत खाली आणता येत नसतील तर तिथून निघायचं, सरळ पुढे नव्हे, तिरकं, कडेकडेला. पुढची जागा गेली तर गेली. निघताना हात छातीसमोर आडवे ठेवा, श्वासाला जागा राहते.

गायक दिलजीत दोसांझने डिसेंबर २०२४ ला चंदीगडला स्टेजवरूनच म्हटलं होतं ना की स्टेज मधोमध हवं आणि पब्लिक चहूबाजूंनी. लोकांनी त्यावर बाकीचंच काहीतरी धरून भांडण केलं, पण हा मुद्दा बरोबर आहे, यूटूचं ते खेकड्याचं स्टेज तेच होतं. गोल केलं की पुढची ओळ लांब होते. साधा हिशोब आहे, पण गोल स्टेजला सोफे कुठे लावणार.

तर कुणी विचारलं की काय घेऊ, तर मी आता आधी नकाशा बघते. फ्लोअर एकच असेल, मधे रेघ नसेल, तर डोळे मिटून स्टँडिंग, रजा टाका, सकाळी जा. पिट असेल आणि तो गायक तुमचा जीव की प्राण असेल तर पिटचे पैसे द्या, रडू नका, आणि पिटवाल्यांना पण लवकर जावंच लागतं हे लक्षात ठेवा, आत गेलं की तिथेही लवकर येईल तो पुढे. दोन्ही नसेल तर स्टेडियममधली खालच्या मजल्याची बाजूची खुर्ची. पण पिटच्या मागचं जीए, आणि त्यातही उघड्या लॉनवर जिथे जमीन सपाट, ते नाही, त्यापेक्षा घरी मोठ्या टीव्हीवर लावा आणि समोर कुणालातरी उभं करा, तेवढाच अनुभव येतो. उंच माणसांनी यातलं काहीच वाचायची गरज नाही.

परवा भाच्याने पुढच्या एका शोचा मेसेज टाकला, मावशी जाऊया का. मी म्हटलं नकाशा पाठव. पाठवला. झूम करून बघितलं, पिटच्या मागे फिक्या करड्या रंगात एक पट्टा, त्यावर बारीक अक्षरात लाउंज, आणि कुणीतरी हौसेने त्यावर सोफ्याचं चिन्हसुद्धा काढलंय. त्याला कळवलं की तू मैत्रिणीला घेऊन जा. मी सवाईची चादर धुवायला टाकलीये.